मेजरांच्या जीपचा बोल्ट

जीपच्या इंजिनात लहानमोठे धरून शे-दोनशे बोल्ट असतील. त्यातला एखादा कडेचा, गरीब बोल्ट सुटला असता तर नाथाजी मेजरांची काही तक्रार नव्हती. माणसाचाही एखादा दात पडतोच, आपण काही बोंब मारत नाही. पण सुटायचा तो क्रँकचाच! म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाला मोठी पुली गरगरते, तिच्यावर पट्टा चालतो, पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि बॅटरीचं चार्जिंग चालतं, आणि ती अख्खी पुली ज्या एका बोल्टानं धरलेली असते, तो. तो सैल झाला की पुली डुगडुगते, पट्टा उडतो, इंजिन तापतं आणि जीप असेल तिथं बसते. कुठं बसावं हे ठरवताना तिनं मेजरांच्या अब्रूचा एकदाही विचार केलेला नव्हता.

नाथाजी मूळचे कुंडलचेच. फौजेत चोवीस वर्षं रसदीचे ट्रक चालवले, लेहच्या घाटात बर्फावरनं चालवले, आणि हवालदार म्हणून पेन्शनीत आले. पण आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतनं परत आलेला गडी मेजरच असतो, मग तो तिथं लंगरात चपात्या लाटत का असेना. गावात खराखुरा मेजर आला तर त्याला काय म्हणायचं, ह्याचा विचार अजून कुणी केलेला नाही. पेन्शनीत आल्या आल्या नाथाजींनी ही डिझेल जीप घेतली, त्याला वीस वर्षं झाली. कंपनीचा मूळचा बोल्ट एकोणीस वर्षं मुकाट टिकला. तो तुटला तेव्हा कंपनीनं तसला बोल्ट बनवणं कधीच बंद केलं होतं, म्हणून कऱ्हाडच्या एका दुकानातनं बाजारी बोल्ट आणला. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनलपेक्षा भारी हाय." हे वाक्य ज्या वस्तूबद्दल म्हटलं जातं ती वस्तू घेऊ नये, ही अक्कल मेजरांना नंतर आली.

तो भारी बोल्ट सुटला कुठं? तर कृष्णेच्या पुलावर, मार्चमधल्या दुपारी तीन वाजता, गाडीत व्याही असताना!

मेजरांचा एकुलता एक मुलगा साईराज पुण्यात नोकरीला. त्याचं लग्न इस्लामपूरच्या मानसिंगरावांच्या मुलीशी ठरलेलं. मानसिंगराव आणि विहीणबाई घर बघायला आले, जेवले, आणि निघताना एसटीचं नाव काढताच मेजर उखडले. "आमची जीप दारात असताना एसटी? ही काय बोलायची गोष्ट झाली?" झालं. पुलाच्या ऐन मध्यावर पट्टा फटाक करून उडाला. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातल्या मानसिंगरावांनी नव्या कोल्हापुरीनिशी जीप पुलाच्या टोकापर्यंत ढकलली. विहीणबाई ओटीचा नारळ पदरात धरून मैलाच्या दगडावर बसल्या. वरनं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाण्याचा आवाज कमी करून विचारलं, "वऱ्हाड हाय व्हय?" मेजरांनी त्याला जे उत्तर दिलं ते विहीणबाईंच्या देखत द्यायला नको होतं.

साईराज पुण्याहून आला तो तापलेलाच. "आण्णा, लय झालं. पुन्यांदा ही गाडी वाटंत थांबली तर किल्ली मी घेनार आनि भंगारवाल्याला बोलवनार. तुमाला कुठं जायचं असलं तर मला फोन लावायचा. मी पुण्यातनं गाडी बुक करून देतो."

भंगाराचं मेजरांनी एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण बुक करून देतो! ज्या माणसानं अठरा हजार फुटांवर ट्रक उलटा घेतला, त्यानं पलूसला दाढी करायला जायचं म्हणून पोराला फोन लावायचा? तिथल्या तिथं, शेजारच्या चार माणसांच्या साक्षीनं मेजर गरजले, "एप्रिलच्या अकराला सांगलीला गाडीचं पासिंग हाय. वीस वर्सं झाली, आता फेरनोंदणी. जातो, पास करून आनतो, आनि परत येतो. जाता-येता एकदा जरी ती बंद पडली, तरी किल्ली मी माझ्या हातानं तुझ्या हातात ठेवीन. मग मी हाय आनि माझा कट्टा हाय." असं बोलताना त्यांचा आवाज थोडा कापला, पण रागानं कापला असं सगळे धरून चालले.

हातात महिना होता. बोल्ट तेवढा घट्ट बसवायचा होता. एवढंच काम.

रसूल मिस्त्रींचं गॅरेज पलूसला. मेजरांची आणि त्यांची चाळीस वर्षांची दोस्ती. रसूलभाईंची पद्धत साधी: बोल्टाला पाना लावायचा, पान्याच्या दांड्यात चार फुटी पाईप घालायचा आणि पाईपवर लोंबकळायचं. बोल्ट कर्र करून ओरडला की समजायचं, बसला. त्यांनी नवा बोल्ट घेतला, खाली दोन स्प्रिंग वायसर टाकले आणि दोघं मित्र मिळून पाईपला लोंबकळले. "मेजर, आता ह्यो बोल्ट कयामतीलाच निघल," रसूलभाई म्हणाले.

कयामत अकराव्या दिवशी आली. पलूसच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या दोन रांगांच्या मध्ये. उडालेला पट्टा वांग्यांच्या ढिगात पडला आणि ज्या बाईची वांगी होती तिनं मेजरांना फौजी बिवजी न मानता सरळ झाडलं. ही गोष्ट साईराजला कळू नये म्हणून मेजरांनी तिची सगळी वांगी घेतली. आठवडाभर घरात वांगं.

आता बोल्ट सुटतो ही बातमी गावात फुटली आणि सल्ल्यांना तोंड फुटलं. आमच्याकडं माणसाला उसनं मागितलं तर तो तोंड चुकवेल, पण सल्ला म्हटलं की ताटावरनं उठून येईल. कुणी म्हणालं आट्यांना दोरा गुंडाळा, कुणी म्हणालं गरम काकवी ओता, वाळली की दगड होते. एकानं उलट्या आट्याचा बोल्ट बसवा म्हणून सांगितलं आणि तो कसा आत जाणार ते मात्र सांगितलं नाही. ऐंशीच्या घरातले तात्याबा पैलवान काठी टेकत आले, बोल्टाकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लय आवळू नगा ह्येला. मैदानात मी बघितलंय. ज्यानं जिवाच्या आकांतानं आवळलं, त्येचाच हात पैला सुटला." मेजरांना हसू आलं. इंजिनाच्या कामात कुस्ती आणणाऱ्या माणसाला काय बोलायचं? चहा पाजून वाटेला लावलं.

ऐकलं कुणाचं, तर वीरधवलचं. वीरधवल म्हणजे शेजारी, साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला. कारखाना सुटला पण कारखान्याचा तोरा सुटला नाही. "मेजर, आमच्या मिलला ह्येवढाले बोल्ट," त्यानं दोन्ही हातांनी कलिंगडाएवढं माप दाखवलं, "आमी नुसता वेल्डिंगचा टिपका मारायचो. बोल्टाच्या बाचं काय चालतंय सुटायचं!" आणि मेजर वेल्डिंगला कबूल झाले. माणूस कावला की कशालाही कबूल होतो.

टिपका मारला. बोल्ट खरंच सुटला नाही, हे वीरधवल आजही छातीवर हात मारून सांगतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं आतलं ऑइलचं सील जळालं आणि इंजिनातलं ऑइल त्या फटीतनं सरळ गल्लीत वाहायला लागलं. नवं सील घालायचं तर पुली काढावी लागणार, पुली काढायची तर बोल्ट काढावा लागणार, आणि बोल्ट तर वीरधवलनं न निघण्यासारखा करून ठेवलेला. रसूलभाईंनी दीड दिवस ग्राइंडर चालवून तो कापून काढला, नवं सील घातलं आणि पुली तात्पुरती एका जुन्या बोल्टावर अडकवली. ग्राइंडरच्या ठिणग्या बघायला सगळी गल्ली जमली होती. वीरधवल सगळ्यात पुढं होता आणि तिथंही, ग्राइंडर कसा धरावा, हे सांगत होता!

त्याच सुमारास पासिंगच्या कागदांचा ससेमिरा सुरू झाला. विमा झाला, धुराचा दाखला झाला. कॉम्प्युटर सेंटरवर चेसिस नंबरची पेन्सिलीनं घेतलेली छाप मागितली. त्यासाठी वीस वर्षांचा ऑइलचा आणि हळदीकुंकवाचा थर चाकूनं खरवडावा लागला. पहिल्या छापेत आठाचा तीन दिसतो म्हणून परत पाठवलं, दुसरीवर मेजरांच्या घामाचा ठसा उठला. मग नवी सरकारी नंबरप्लेट. ती बसवणाऱ्यानं खटक करून दोन खिळे दाबले आणि म्हणाला, "आता ही निघत न्हाई. जोर करून काढायला गेलं तर तुटंल, पन सुटायची न्हाई."

मेजर तिथंच, त्या माणसासमोर, भडकले. "म्हंजे नुसत्या पाटीला न सुटनारा खिळा, आनि इंजिनाला सुटनारा बोल्ट? आरं, पाटी पडली म्हनून कुनी पुलावर अडकलंय का? ह्यो खिळा मला क्रँकला दे!" तो माणूस म्हणाला, क्रँकला नसतो. मेजर म्हणाले, का नसतो. तो म्हणाला, वरनंच नाही. मेजर म्हणाले, वर कोण आहे त्याचा नंबर दे. मागं अकरा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. शेवटी मेजर घरी आले आणि दोन भाकरी कमी खाल्ल्या.

साताऱ्याला मेजरांचा एक फौजेतला दोस्त राहतो. त्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर एक लाल बाटली पाठवून दिली. अंगठ्याएवढी बाटली, आत लाल चिकट औषध. बोल्टाच्या आट्यांना दोन थेंब लावायचे, ते आत घट्ट होतं आणि बोल्टाला धरून ठेवतं. मेजरांनी नवा बोल्ट आणला. नवी वस्तू म्हणून आधी देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग फौजेत रायफल साफ करायचे तशी स्वच्छ चिंधी घेऊन, तिच्यावर तेल घेऊन, बोल्टाचा आटा न् आटा मायेनं पुसून चकचकीत केला. गॅरेजात रसूलभाईंनी सवयीप्रमाणं तो पुन्हा एकदा ऑइलच्या डब्यात बुडवला. मग लाल औषध, मग पाईप, मग दोघं लोंबकळले. आणि बोल्ट बसतोय न बसतोय तोच मेजरांनी कसं झालंय ते बघायला गाडी चालू केली.

तिसऱ्या दिवशी, घरापासून शंभर पावलांवर, देवळासमोर! बरं तर बरं, पट्टा उडायच्या आधीच मेजरांनी खडखड ऐकून इंजिन बंद केलं आणि गाडी देवदर्शनाला थांबवल्यासारखं करून आत जाऊन पाया पडून आले. देवळात ते काय म्हणाले ते देवालाच ठाऊक.

पासिंगला चार दिवस राहिले होते. मेजरांनी बाटलीवरचा फोन नंबर फिरवला. पलीकडं एक मुलगी गोड हिंदीत बोलत होती. तिनं विचारलं, "सर, थ्रेड तो सूखे थे ना? तेल तो नहीं था?" एवढ्यावर मेजरांचा तोल गेला. "तेल नहीं था? बाई, मैं फौज में था! चौबीस साल! मेरे बोल्ट पे तेल नहीं होगा, ऐसा कभी होगा क्या? एक नंबर तेल था!" मुलगी पुन्हा गोड आवाजात काही सांगायला लागली, पण तिनं फौजेच्या शिस्तीवर शंका घेतली ह्या रागात मेजरांनी फोन ठेवून दिला.

हे बोलणं शालूबाईंनी दारातनं ऐकलं. शालूबाई म्हणजे मेजरांच्या मंडळी. त्या आणि त्यांच्या बचत गटाच्या बायका चार वर्षं गावात मिरची-कांडपाचं यंत्र चालवतात. उन्हाळ्यात तिकडं दिवसभर लोखंडी मुसळं धडाधडा आदळत असतात. मेजर तिकडं कधी फिरकत नसत, कारण मिरचीनं त्यांना शिंका येत आणि शिंकताना माणसाचा रुबाब राहत नाही. शालूबाई आत्ताच कांडपावरनं आल्या होत्या, अंगावर चटणीची तांबूस पूड तशीच होती. त्यांनी मेजरांनी काढून ओसरीवर ठेवलेला बोल्ट उचलला आणि बोटानं चोळून बघितला.

"आवं, ह्याला तेल लावलंय की."

"मग काय पाणी लावू?"

"पुसून कोरडा करायचा असतुया. तेलावर ह्ये औषध धरत न्हाई. आमच्या कांडपाचं बोल्ट दिसभर आदळत्यात, चार वर्सांत एक सुटला न्हाई. यंत्रवाल्या पोरानं पैल्याच दिवशी बजावून सांगितलंय. पेट्रोलनं धुवायचं, वाळवायचं, औषध लावायचं, मापानं आवळायचं आनि एक दिवस तिकडं बघायचंसुदिक न्हाई."

मेजर उभे राहिले. "कांडप आनि इंजिन एक व्हय?"

"आदळायचं काम दोघांचंबी हाय," शालूबाई म्हणाल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या.

मेजरांचा संताप झाला. म्हणजे बघा, गाव सगळं सल्ले देऊन झालं, मिस्त्री झाला, फिटर झाला, पैलवान झाला, आणि आता घरातली बायको, जिनं जन्मात बोनेट उघडलं नाही, ती सांगणार की तुमच्याच हातानं बोल्ट सुटतोय! ते तरातरा गावाला एक फेरा मारून आले. वाटेत दोनतीन जणांनी हटकलं, कुणाशी बोलले नाहीत. येताना मात्र कांडपाच्या खिडकीपाशी उभं राहून त्यांनी आत बघितलं. यंत्र खरंच धडाधडा आदळत होतं आणि बोल्ट जागच्या जागी होते. तेवढ्यात त्यांना सात शिंका आल्या.

सकाळी गाव उठायच्या आत, जीप ट्रॅक्टरमागं बांधून, ते गुपचूप बाटलीत पेट्रोल घेऊन पलूसला गेले. रसूलभाईंनी कोरडा बोल्ट बघून हात जोडले. "मेजर, चाळीस वर्सांत मी कोरडा बोल्ट बसवला न्हाई. लोक काय म्हनतील?"

"लोक आत्ता काय म्हनत्यात ते ऐकलंयस न्हवं?"

"आनि मापानं आवळायचा म्हंजे मापाचा पाना पायजे."

"तुज्याकडं न्हाई?"

रसूलभाईंनी भिंतीकडं बघितलं. तिथं काबाच्या तसबिरीशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मापाचा पाना खिळ्याला टांगलेला होता. बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात बक्षीस मिळालेला. बक्षिसाची वस्तू वापरून खराब करायची नाही म्हणून तो पिशवीतनं कधी बाहेर आला नव्हता. दर शुक्रवारी मात्र तिच्यावरची धूळ पुसली जायची. मेजरांनी न विचारता पिशवी फाडली. रसूलभाईंनी डोळे मिटून घेतले.

बोल्ट धुतला, वाळवला, आतल्या भोकातलं तेलही चिंधीनं टिपलं. दोन थेंब औषध. खाली एकच सपाट जाड वायसर. मापाच्या पान्यानं हळूहळू आवळत नेलं आणि ठरलेल्या जोराला पाना कट् करून बोलला तिथं हात थांबवला. हे थांबणं रसूलभाईंना फार जड गेलं. पाईपकडं बघत म्हणाले, "जरा एकदा, नुसतं लोंबकळून..." "हात लावशील तर बघ!" मेजर ओरडले. बोल्ट हलला की कळावं म्हणून रसूलभाईंनी तंबाखूच्या चुन्यानं बोल्टावरनं पुलीवर एक सरळ रेघ ओढली. आणि गाडी चालू करायचा मेजरांना मोह होऊ नये म्हणून शालूबाईंनी पलूसला निरोप पाठवून किल्ली मागवून घेतली. ती अख्खा दिवस पिठाच्या डब्यात होती.

अकरा तारखेला सकाळी सात वाजता जीप निघाली. मेजर चालवायला, शेजारी रसूलभाई, मागं भाकरीचं गाठोडं घेऊन शालूबाई. आता गंमत अशी, की चुन्याची रेघ बघायची तर गाडी थांबवून बोनेट उघडावं लागणार, आणि थांबलेलं कुणी बघितलं तर बंद पडली म्हणूनच धरणार, म्हणजे पैज गेली. साईराज त्यासाठी मुद्दाम पुण्याहून येऊन घरात बसला होता, आणि वाटेवर ओळखीची माणसं काय कमी असतात? रसूलभाई खिडकीतनं कमरेपर्यंत बाहेर वाकून आवाज ऐकत होते. "काय म्हनतोय?" "गप हाय." "गप म्हंजे चांगलं का वाईट?" "काय कळंना." वसगड्यापर्यंत मेजरांचा सदरा घामानं भिजला. पुढं रेल्वेचं फाटक बंद! मेजरांनी गाडी वीतभर पुढं, वीतभर मागं अशी हलवत ठेवली, ती पार रेल्वे जाऊन फाटक उघडेपर्यंत. मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत होता. मेजर ओरडले, "ही थांबलेली न्हाई! ध्यानात ठेव, ही चालू हाय!"

पासिंगच्या मैदानावर रांग होती. साहेब तरुण होते, चष्मा लावलेले, कमी बोलणारे. दिवे बघितले, ब्रेक बघितले, चेसिस नंबरची छाप ताडून बघितली, गाडी एक फेरी फिरवायला लावली. मग म्हणाले, "बोनेट उघडा." बोनेट वर गेलं. चुन्याची रेघ बोल्टापासून पुलीपर्यंत, ओढली होती तशीच, सरळ होती! रसूलभाईंनी भर मैदानात मेजरांना मिठी मारली. साहेब म्हणाले, "काय झालं?" मेजर म्हणाले, "काय न्हाई साहेब, तुमी लिवा."

साहेबांनी लिहिलं. "गाडी उत्तम ठेवलीय. पाच वर्षं दिली. तुमचं लायसन्स दाखवा जरा."

मेजरांनी खिशातनं लायसन्स काढून ऐटीत पुढं केलं. साहेबांनी ते वाचलं, उलटं केलं, परत वाचलं.

"काका, हे डिसेंबरातच संपलंय."

"काय संपलंय?"

"लायसन्स. गाडी पास आहे. पण तुम्हाला ती इथनं चालवत नेता येणार नाही. डॉक्टरांचा दाखला आणा, अर्ज करा, मग."

महिनाभर एका बोल्टाकडं डोळे लावून बसले आणि स्वतःची तारीख कधी उलटली ते बघितलंच नाही! मग राग आला, आणि तो नेहमीपेक्षा मोठा आला. "म्हंजे ह्या वीस वर्साच्या पत्र्यावर तुमचा इस्वास, आनि माज्यावर न्हाई? बर्फावरनं ट्रक न्हेलेत मी, साहेब! तवा कुनी तारीख बघितली न्हाई!" साहेब शांतपणे म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडं लायसन्स आहे का?" मेजरांनी रसूलभाईंकडं बघितलं. चाळीस वर्षं साऱ्या पंचक्रोशीच्या गाड्या फिरवणारे रसूलभाई चपलेच्या अंगठ्याकडं बघायला लागले. "मी गाडी चालवत न्हाई, मेजर. मी फकस्त ट्रायल घेतो."

तेव्हा मागनं शालूबाई उतरल्या. भाकरीचं गाठोडं रसूलभाईंकडं दिलं, कमरेची पिशवी उघडली आणि एक कार्ड काढून साहेबांपुढं धरलं. साहेबांनी बघितलं. "हे चालेल."

"ह्ये काय हाय?" मेजरांनी विचारलं.

"लायसन."

"कुनाचं?"

"फोटू माजा हाय की."

"कवा काढलंस?"

"चार वर्सं झाली. गटाचा टेंपो घेतला तवा समद्या बायकांनी मिळून काढलं. आवं, दर आठवड्याला चटणी कऱ्हाडला जाती, विट्याला जाती. ती काय चालत जाती व्हय?"

चटणी कशी जाते ह्याचा मेजरांनी खरोखरच कधी विचार केला नव्हता. ते गपगुमान गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. पण तिथं रसूलभाई आधीच बसले होते, आवाज ऐकायला, गाठोडं मांडीवर घेऊन. मेजर मागं बसले.

जीप कुठंही न थांबता कुंडलला आली. रेल्वेचं फाटकसुद्धा उघडं होतं. घरापुढं साईराज उभा होता आणि नेमके मानसिंगराव आणि विहीणबाईही लग्नाची यादी करायला आले होते. वीरधवल होता, तात्याबा होते. शालूबाई चालवायच्या जागेवरनं उतरलेल्या बघून गल्लीतली माणसं ओट्यांवरनं उठून उभी राहिली.

"मग मेजर," मानसिंगरावांनी जपून विचारलं, "कुठं थांबली का?"

रसूलभाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मेजरांनी त्यांना हातानं अडवलं. खोटं बोलायला हजार जागा होत्या. गाडी पास होती, कागद हातात होता.

"गाडी न्हाई थांबली," मेजर म्हणाले. "मला थांबवलं. माजं लायसन संपलंय. आनि बोल्टाचं म्हनाल, तर त्यो माज्याच हातच्या तेलानं सुटत हुता. तोड हिनं सांगितली. गाडीबी हिनंच आनली."

तात्याबा मान हलवत होते.

"म्हंजे किल्ली..." साईराज चाचरला.

"तुज्या आईकडं हाय. हिंमत असंल तर घे तिच्याकडनं."

साईराजनं आईकडं बघितलं. शालूबाईंनी किल्ली कमरेला खोचली होती आणि पदर सारखा करत होत्या. त्यानं पुढं केलेला हात खिशात घातला.

यादी झाली, चहापोहे झाले. निघताना मानसिंगराव एसटीचं नाव काढणार होते, पण विहीणबाईंनी त्यांच्या आधीच शालूबाईंना विचारलं, "ताई, तुमी सोडता का?" आणि पुढं जाऊन डाव्या बाजूला बसूनसुद्धा घेतलं. मानसिंगराव मागं बसले. मेजर त्यांच्या शेजारी बसले, व्याह्यांना सोडायला घरचा माणूस नको का?

पहिल्या खड्ड्याला मेजरांचं डोकं वर आपटलं. दुसऱ्याला कंबर लचकली. तिसऱ्याला मानसिंगराव त्यांच्या मांडीवर आले. वीस वर्षं चालवलेल्या जीपच्या मागच्या बाजूला ते आज सांगलीहून येईपर्यंत कधी बसले नव्हते, आणि तेव्हा अपमानाच्या तिरमिरीत काही जाणवलं नव्हतं. आता मात्र त्यांचा संताप अनावर झाला.

"अगं ए! ही मागची सीट आदळती किती! हाडं खिळखिळी झाली! एवढ्या वर्सात एकदा तरी सांगायचं न्हाईस व्हय?"

शालूबाईंनी गिअर बदलला. आरशात बघून म्हणाल्या, "सांगत हुते की, वीस वर्सं. तुमी इंजिनाचा आवाज ऐकत हुता."